सौदी अरेबियाला फिरायला : दोघी बायकाच. जमेल का?

मीठभाकर | ४ नोव्हेंबर, रात्री १०:१२

मंडळी, नमस्कार. एरवी मी रोमात असते, म्हणजे नुसती वाचत असते, पण आज धागा काढावाच लागतोय.

मी ४७, मैत्रीण ५१. दोघी नाशिकच्या. ती कॉलेजात इतिहास शिकवते. २०१७ साली आम्ही जॉर्डनला पेट्रा बघायला गेलो होतो. तिथला गाईड म्हणाला, "हे राजधानीचं गाव. नबाती लोकांचं दुसरं मोठं गाव खाली सौदीत आहे, हेग्रा. पण तुम्हाला तिथं कोण सोडणार?" तेव्हा ते खरंच होतं. सौदीत जायचं तर नोकरी, धंदा नाहीतर हज-उमरा. निव्वळ फिरायला म्हणून व्हिसाच नव्हता. २०१९ पासून द्यायला लागले आणि तेव्हापासून ही बाई माझ्या मागे लागली आहे.

जानेवारीत नऊ दिवस जायचा विचार आहे. जेद्दा, अल-उला (हेग्रा तिथंच), रियाध. दोघींच्याही पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा आहे. सोबत पुरुष कोणी नाही. मैत्रीण शाकाहारी, अंडंही नाही. अबाया घालावाच लागतो का? हॉटेलात दोघी बायकांना खोली देतात का? घरी सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "तिकडं हात तोडतात म्हणे."

प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनीच लिहावं ही विनंती. व्हॉट्सॅपवरचं ज्ञान आमच्याकडं भरपूर आहे.

टग्या_वाळवंटी | ४ नोव्हेंबर, रात्री १०:१९

पहिला!

सासूबाईंचं बरोबर आहे. फक्त चोरी करू नका म्हणजे झालं.

धोपटमार्ग | ४ नोव्हेंबर, रात्री १०:४०

लडाख, मेघालय, अंदमान सगळं बघून संपलं का? मग एवढ्या लांब वाळू बघायला कशाला? जैसलमेरला आहे की. शिवाय तिथं डाळ-भातही मिळतो.

मीठभाकर | ४ नोव्हेंबर, रात्री १०:५५

@धोपटमार्ग, "प्रत्यक्ष जाऊन आलेल्यांनीच" असं लिहिलं होतं हो.

स्वाती_रियाध | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:०३

सात वर्षं रियाधमध्ये राहतेय, नवऱ्याच्या नोकरीमुळे. जमेल तेवढं लिहिते.

व्हिसा: भारतीय पासपोर्टवर सरसकट ई-व्हिसा मिळत नाही. पण अमेरिका, ब्रिटन किंवा शेंगेनचा चालू व्हिसा असेल आणि तो एकदा तरी वापरलेला असेल, म्हणजे त्या देशात शिरल्याचा शिक्का असेल, तर ऑनलाइन मिळतो. कोरा व्हिसा चालत नाही, यावर बरेच जण अडतात. मिळतो तो वर्षभराचा, हवं तितक्या वेळा ये-जा करा, एकूण नव्वद दिवस राहा. विमा त्यातच येतो. फीचे आकडे बदलतात, सरकारी संकेतस्थळावरच बघा.

अबाया: परदेशी बायकांना सक्ती नाही. खांदे-गुडघे झाकलेले, अंगाला न चिकटणारे कपडे हवेत. आपला पंजाबी ड्रेस आणि ओढणी म्हणजे काहीच प्रश्न नाही. डोकं झाकायची गरज नाही, मशिदीत गेलात तरच. तरीही एक साधा अबाया इथं आल्यावर घ्याच असं मी सांगेन. भीती म्हणून नव्हे. सोयीचा असतो. आत काहीही घाला, वरून तो चढवला की बाहेर पडायला तयार. मी तर नाशिकला, आपलं, पुण्याला आले की मला त्याची आठवण येते. (इस्त्री वाचते हो.)

हॉटेल: दोघी बायकाच काय, एकटीलाही देतात. उपाहारगृहांना पूर्वी दोन दारं असायची, एक 'फॅमिली', एक 'सिंगल्स' म्हणजे एकट्या पुरुषांचं. ती सक्ती २०१९ च्या डिसेंबरात गेली.

नमाजच्या वेळा: २०२१ पासून दुकानं उघडी ठेवायला परवानगी आहे, पण पुष्कळ लहान दुकानं अजून वीस-पंचवीस मिनिटं शटर ओढतात. तोवर बाहेर पायरीवर बसायचं. शुक्रवारी सकाळी मात्र गाव झोपलेलं असतं. दुपारचा नमाज होईपर्यंत काहीही ठरवू नका. इथला शनिवार-रविवार म्हणजे शुक्रवार-शनिवार.

आणि बायकांचे फोटो काढू नका. पार्श्वभूमीला आल्या तरी. इथल्या सार्वजनिक सभ्यतेच्या नियमांत परवानगीशिवाय कुणाचाही फोटो काढण्याला दंड आहे. ड्रोन तर घरीच ठेवा.

मीठभाकर | ५ नोव्हेंबर, सकाळी ८:४०

स्वातीताई, शतशः धन्यवाद! दोघींचेही व्हिसे वापरलेले आहेत. सासूबाईंना 'इस्त्री वाचते' हा मुद्दा एकदम पटला.

जुनाखोड | ५ नोव्हेंबर, दुपारी १:३०

स्वाती म्हणते ते वाचून मी दोनदा चष्मा पुसला.

मी १९८३ ते ८८ जुबैलला होतो. औद्योगिक शहर उभं राहत होतं, आम्ही पाइपलाइनवाले. उतरल्या उतरल्या पासपोर्ट कफीलच्या, म्हणजे नोकरीवर आणणाऱ्या मालकाच्या, कपाटात. हातात फक्त इकामा, म्हणजे तिथं राहण्याचा परवाना. गावाबाहेर जायचं तर पत्र लागे. विमानतळावर सामान अक्षरशः उलटं करायचे. माझ्या आईनं दिलेली दत्ताची तसबीर काढून घेतली. परत मागितली तर त्या माणसानं माझ्याकडं असं बघितलं की मी पावतीचा विषयच काढला नाही. व्हिडिओ कॅसेटी जप्त व्हायच्या आणि आठवड्यानं काही परत मिळायच्या, कुणीतरी पाहून झाल्यावर.

मुतव्वा म्हणजे धार्मिक पोलीस. हातात छडी. नमाजच्या वेळी दुकानात सापडलो तर आमच्यासकट शटर बंद व्हायचं आणि आम्ही आत अंधारात, टोमॅटोंच्या शेजारी, पंचवीस मिनिटं गप्प उभे. बायको दोन महिने आली होती. तिनं एकूण तीन इमारती पाहिल्या.

त्या मुतव्वांचे अटकेचे अधिकार २०१६ मध्ये काढून घेतले, २०१८ मध्ये सिनेमागृहं उघडली, बायका गाडी चालवायला लागल्या. पेपरात वाचलं होतं. पण बाई माणूस सौदीत 'फिरायला' जाऊ म्हणते आणि दुसरी तिला कपड्यांचा सल्ला देते, हे वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

टग्या_वाळवंटी | ५ नोव्हेंबर, दुपारी १:४४

काका, मुख्य प्रश्न राहिला. संध्याकाळचं काय करायचात?

जुनाखोड | ५ नोव्हेंबर, दुपारी २:१०

सफरचंदाचा रस, सोडा आणि पुदिना. त्याला तिथं 'सौदी शॅम्पेन' म्हणतात. बाकी जे काही काही कॅम्पांत चाले ते या वयात लिहून कशाला नाव घालवू?

स्वाती_रियाध | ५ नोव्हेंबर, दुपारी ४:१५

दारूबंदी अजूनही पक्की आहे. २०२४ मध्ये रियाधच्या राजदूतावासांच्या वस्तीत एक दुकान उघडलं, तेव्हा ते मुस्लिमेतर राजनैतिक लोकांसाठी होतं. त्यावरून 'आता मिळते' अशी अफवा पसरते. पर्यटकांनी सामानात एक बाटलीही आणू नये. अमली पदार्थांना तर मृत्युदंड आहे, विनोद नाही.

यावरून आठवलं. खसखस आणू नका! दिवाळीचा फराळ उरला असेल म्हणून सांगते. अनारशांवर खसखस असते, करंजीच्या सारणात असते. अफूच्याच बोंडातलं बी, त्यामुळे आखाती देशांत बंदी आहे. तुम्हाला तो पदार्थ वाटतो, त्यांना तो गुन्हा.

सुगरण_नवशिकी | ५ नोव्हेंबर, सायंकाळी ५:०२

अरे देवा! मी मागच्या वर्षी दुबईला नणंदेकडं पाव किलो अनारसे नेले होते!!

टग्या_वाळवंटी | ५ नोव्हेंबर, सायंकाळी ५:०५

जाळीदार झाले होते का? की जाळीच्या आत जायची वेळ आली होती?

सुगरण_नवशिकी | ५ नोव्हेंबर, सायंकाळी ५:११

दगड झाले होते. त्यामुळेच सुटले बहुतेक.

अनुस्वार | ५ नोव्हेंबर, रात्री ९:२०

थोडं अवांतर. रियाधमध्ये 'मुरब्बा' नावाचा राजवाडा आहे. आपला मुरंबाही अरबीतूनच आला, म्हणून अनेकांना गंमत वाटते. पण दोन्ही शब्द वेगळे. राजवाड्याचा 'मुरब्बअ' म्हणजे चौकोनी, शेवटचा ध्वनी घशातला. आंब्याचा 'मुरब्बा' वेगळ्या धातूवरून. दुकान, कुलूप, तारीख, तालुका, मसाला, अत्तर ही मंडळीही तिकडूनच फारसीच्या वाटेनं आली. मीठभाकर, पाट्या वाचायला शिकलात तर अर्धं गाव ओळखीचं निघेल.

टग्या_वाळवंटी | ५ नोव्हेंबर, रात्री ९:२६

म्हणजे दुकानाला कुलूप लावलेलं असताना नमाज आहे हे मराठीतच कळेल.

प्रश्नांकित | ६ नोव्हेंबर, सकाळी ७:४८

मला एक न आवडणारा मुद्दा मांडायचा आहे.

सगळे 'किती बदललं' म्हणून हरखलेत. बायकांना गाडी चालवायची परवानगी २४ जून २०१८ ला मिळाली. त्याच्या काही आठवडे आधी, मे महिन्यात, त्याच हक्कासाठी लढणाऱ्या लुजैन अल-हथलूल यांना अटक झाली. त्या सुटल्या २०२१ च्या फेब्रुवारीत. १९९० मध्ये ४७ बायकांनी रियाधच्या रस्त्यावर गाड्या चालवून दाखवल्या होत्या, त्यांचे पासपोर्ट काढून घेतले, नोकऱ्या गेल्या. म्हणजे हक्क दिला तो राजाची मेहेरबानी म्हणून. मागणाऱ्या तुरुंगात. ऑक्टोबर २०१८ मध्ये पत्रकार जमाल खशोगी यांचा इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत खून झाला. मार्च २०२२ मध्ये एका दिवसात ८१ जणांना मृत्युदंड दिला.

पर्यटन हा त्या सरकारचा चेहरा उजळवण्याचा कार्यक्रम आहे आणि तुमचं तिकीट ही त्याची वर्गणी. जाऊ नका असं म्हणत नाही. पण 'इस्त्री वाचते' एवढ्यावर चर्चा संपू नये.

धोपटमार्ग | ६ नोव्हेंबर, सकाळी ८:३०

मग अमेरिकेनं इराकमध्ये काय केलं? तिचा व्हिसा बरा चालतो! आणि चीन?

एकटीच | ६ नोव्हेंबर, सकाळी ९:०१

झालं, धाग्याचं काश्मीर.

स्वाती_रियाध | ६ नोव्हेंबर, सकाळी १०:४०

@प्रश्नांकित, तुमचं एकही वाक्य खोटं नाही. इथं राहून मी यावर फार लिहू शकत नाही, हेच माझं उत्तर समजा. एवढंच सांगते, माझ्या शेजारची मुलगी तेवीस वर्षांची आहे. तिची आई कॉलेजला ड्रायव्हरनं सोडल्याशिवाय जाऊ शकली नाही. ही स्वतः गाडी चालवत नोकरीला जाते आणि आईलाही दवाखान्यात नेते. हक्क कसा मिळाला हे तिला माहीत आहे. ती तो वापरते.

खाडीपल्याड | ६ नोव्हेंबर, रात्री ११:१७

दोन दिवस वाचतोय. लिहू की नको असं चाललं होतं.

मी रत्नागिरीकडचा, कोकणी मुसलमान. आमच्या गावात 'सौदी' हा देश नसतो, तो नात्याचा भाग असतो. "त्याचा बाप सौदीला" म्हटलं की पुढं काही सांगावं लागत नाही. माझे अब्बा दम्मामला २६ वर्षं होते. क्रेन चालवायचे. दोन वर्षांनी दोन महिने घरी. मी दहावीपर्यंत त्यांच्यासोबत काढलेले दिवस मोजले तर वर्ष-सव्वा वर्ष भरेल. घराला सौदीची टाइल, सौदीचा मिक्सर, पाहुण्यांना सौदीचं ब्लँकेट.

त्यांनी तो देश किती पाहिला? कॅम्प, साइट, शुक्रवारी बाजार. उमरे सात-आठ, हज एक. हजची त्यांना सगळ्यात जास्त आठवण कशाची, तर अराफातच्या मैदानातल्या कडुनिंबांची. "आपला निंब रे, तिकडं," असं आजही सांगतात. आजी मात्र मुंबईहून बोटीनं गेली होती हजला, क्रॉफर्ड मार्केटजवळच्या साबू सिद्दीक मुसाफिरखान्यात चार रात्री काढून. त्या बोटी १९९५ ला बंद झाल्या. तिच्या गोष्टीत समुद्र होता, बंदर होतं, जेद्दा होतं. अब्बांच्या गोष्टीत फोरमन असतो आणि ओव्हरटाइम.

प्रश्नांकितसाहेब, मी तुमच्याशी सहमत आहे, पण एक बाजू राहिली. तुम्ही लिहिलेली सगळी नावं पेपरात आली. कफीलनं पगार चार महिने अडकवला म्हणून कॅम्पात बसून राहिलेल्याचं नाव कुठं येत नाही. कायदे थोडे सुधारलेत, २०२१ पासून नोकरी बदलायला मालकाची परवानगी बऱ्याच कामगारांना लागत नाही. घरकाम करणाऱ्या बायका आणि घरचे ड्रायव्हर त्यातून वगळलेत.

मीठभाकरताई, तुम्ही जरूर जा. फक्त एक करा. तुम्हाला चहा देणारा, झाडू मारणारा, टॅक्सी चालवणारा कुठला आहे ते विचारा. दहातले आठ आपल्याच बाजूचे निघतील.

जुनाखोड | ७ नोव्हेंबर, सकाळी ६:२०

खाडीपल्याड, आमच्या साइटवर क्रेनवाले सगळे रत्नागिरी-रायगडचेच. ईदला आम्हाला सांदणं मिळायची. अब्बांना सलाम सांगा.

संपादक | ७ नोव्हेंबर, सकाळी १०:००

अमेरिका-चीन-इराकवरचे अकरा प्रतिसाद उडवले आहेत. त्यासाठी वेगळा धागा काढावा. (काढू नये.)

एकटीच | ७ नोव्हेंबर, दुपारी १२:३५

मी गेल्या वर्षी एकटी बारा दिवस फिरून आले. नऊ दिवसांत तीन गावं ठीकच, पण पुन्हा गेलात तर दक्षिणेला असीर सोडू नका. आभाच्या आसपास डोंगर तीन हजार मीटरपर्यंत जातात, धुकं असतं, रस्त्यावर माकडं तुमच्या हातातलं केळं पळवतात. महाबळेश्वरच! घरांच्या आतल्या भिंती बायका रंगवतात, त्या कलेला 'कत्त' म्हणतात. युनेस्कोच्या यादीत आहे. वारलीच्या अगदी उलट, रंगांचा नुसता दंगा.

शाकाहाराचं: घाबरू नका. सकाळी 'फूल' म्हणजे वालासारख्या दाण्यांची घोटलेली उसळ आणि 'तमीस', तंदुरातली परातीएवढी रोटी. किंवा 'अदस', ही चक्क मसुराची आमटी. आणि प्रत्येक गावात मल्याळी हॉटेल आहेच. चंद्रावर चहाची टपरी असण्याचा विनोद तिथं विनोद वाटत नाही.

कहवा देतील. फिका पिवळा, वेलदोड्याचा, बिनसाखरेचा, सोबत खजूर. कप रिकामा केला की पुन्हा भरतात. नको असेल तर कप हातात धरून हलवायचा. मला हे माहीत नव्हतं. मी नऊ कप प्यायले.

टग्या_वाळवंटी | ७ नोव्हेंबर, दुपारी १२:५०

आमच्या सासरी वाढताना ताट हलवून पाहिलं. उपयोग होत नाही.

नवा_गडी | ७ नोव्हेंबर, दुपारी ३:२२

मक्का-मदिना बघता येईल का पर्यटक म्हणून?

खाडीपल्याड | ७ नोव्हेंबर, रात्री ९:४८

मुस्लिमेतरांना मक्का पूर्ण बंद. मदिनेत मशिदीभोवतीचा हरमचा भाग सोडून शहरात जाता येतं. हमरस्त्यावर 'हरमची हद्द' अशा पाट्या आहेत, तिथून मुकाट वळायचं. मुसलमान असाल तर पर्यटक व्हिसावर उमराही होतो, हजचे दिवस सोडून.

मीठभाकर | १२ नोव्हेंबर, रात्री ११:३०

व्हिसा आला!! तिकिटं काढली. १० ते १८ जानेवारी. रमजान फेब्रुवारीत आहे, त्याच्या आधीच परत. @प्रश्नांकित, तुमचा प्रतिसाद आम्ही दोघींनी बसून वाचला. भांडणही झालं थोडं. जातोय, पण वाचल्याचं न वाचल्यासारखं करणार नाही. आल्यावर लिहीन.

मीठभाकर | ३१ जानेवारी, रात्री ९:१५

धागा वर काढतेय. आलो परत, हातपाय शाबूत. सासूबाईंनी मोजून घेतले.

जेद्दाला पासपोर्ट खिडकीत नकाबातली तरुण मुलगी होती. बोटांचे ठसे घेतले, शिक्का मारला आणि "नमस्ते" म्हणाली. इतकी तयारी करून गेलेल्या मला एवढंच सुचलं, "हो."

जुनं जेद्दा, म्हणजे अल-बलद, आमच्या कल्पनेपेक्षा कितीतरी सुंदर. प्रवाळी दगडाची चार-पाच मजली घरं आणि त्यांना लाकडी जाळीचे सज्जे, 'रोशन'. लाकूड पुष्कळसं हिंदुस्थान आणि जावाकडून बोटींनी गेलेलं. नसीफ हाऊस नावाच्या वाड्यापुढं एक झाड आहे. एकेकाळी गावातलं एकमेव झाड म्हणून पत्ता सांगायला ते वापरत. जवळ जाऊन पाहिलं तर कडुनिंब! @खाडीपल्याड, तुमच्या अब्बांची आठवण आली. मैत्रिणीनं खाली पडलेलं एक पान उचलून डायरीत ठेवलंय.

गाडीचा आमचा बेत फसला. भाड्याची गाडी आधीच ठरवली होती, पण आंतरराष्ट्रीय परवाना मागितला आणि आमच्याकडं तो नव्हता. इथल्या आरटीओत सहज मिळतो, आम्हीच आळस केला. आगाऊ भरलेले पैसे त्या कंपनीनं परत दिले नाहीत. तुम्ही करू नका असं.

आता हेग्रा. अल-उलाला विमानानं गेलो. पहाटे थंडी चांगलीच, अंगावर सगळे कपडे, वरून अबाया. (स्वातीताई, लाख धन्यवाद.) हेग्रात स्वतःची गाडी नेता येत नाही, त्यांच्या बसनं फिरवतात, जागा आधी राखावी लागते. मोकळ्या वाळूत सुटे सुटे खडक उभे आणि त्यांच्या अंगात कोरलेले दर्शनी भाग. एकूण १११ मोठ्या कबरी आहेत. पेट्रात गर्दी, उंट, घोडे, 'मॅडम मॅडम' चाललेलं असतं. इथं वाऱ्याचा आवाज. कसर अल-फरीद हा एकटा खडक, त्याचा वरचा भाग तासून गुळगुळीत आणि खालच्या भागावर टाकीचे घाव तसेच. काम अर्धवट सुटलेलं. वरून खाली कोरत येत. मैत्रीण म्हणाली, "आपलं कैलास लेणंही असंच वरून खाली." मग दोघी बराच वेळ काही बोललो नाही. ती बोलत नाही हे दुर्मीळ आहे.

माहिती सांगणाऱ्यांना तिथं 'रावी' म्हणतात. आमची रावी पंचविशीतली मुलगी. तिनं कबरींवरचे नबाती लेख समजावून सांगितले. माझी समजूत होती की त्यात देव, परलोक वगैरे असेल. असतं काय, तर दस्तऐवज! ही कबर अमक्याची, त्याच्या मुलाबाळांची, कुणी विकू नये, गहाण ठेवू नये, भाड्यानं देऊ नये, दिल्यास शाप आणि दंड. खाली राजाच्या राज्यारोहणाचं अमुक वर्ष. दगडावरचा सातबारा. आपल्याकडं शिलाहारांच्या गधेगाळांवर, त्या शाप कोरलेल्या दगडांवर, असतं तसंच की! आणि काही कबरी बायकांच्या नावावर आहेत. हिनात नावाची एक. तिनं स्वतःसाठी आणि आपल्या लेकरांसाठी करवून घेतलेली, पहिल्या शतकातली. तिथल्या एका बाईच्या कवटीवरून शास्त्रज्ञांनी चेहरा घडवलाय आणि त्या चेहऱ्याला हेच नाव दिलंय, तो तिथं ठेवला आहे. नाशिकच्या भाजीबाजारात सहज खपेल असा चेहरा.

मैत्रिणीनं रावीला विचारलं, "तुझ्या आजीनं हे पाहिलंय?" ती हसली. म्हणाली, आजी या खडकांकडं बघायचीही नाही. मी आणलं होतं तिला, पण ती गाडीतून उतरलीच नाही.

रियाधबद्दल थोडंच. मस्मक किल्ल्याच्या दारात १९०२ च्या लढाईतलं भाल्याचं टोक अजून अडकलेलं आहे. दिरिया बघण्यासारखं, मातीच्या विटांचं अख्खं गाव. मेट्रो चकचकीत, चार रियालांत कुठंही. @अनुस्वार, मुरब्बा राजवाडा चौकोनीच आहे, चव घेतली नाही.

आणि @खाडीपल्याड, विचारलं. सगळ्यांना विचारलं. हॉटेलात चहा देणारा मलप्पुरमचा. टॅक्सीवाला सियालकोटचा, त्यानं पैसे घेताना दहा रियाल परत दिले, 'पडोसी' म्हणून. मेट्रो स्टेशनावर फरशी पुसणारा सिल्हेटचा. अल-उलातल्या आमच्या मुक्कामी बागेला पाणी घालणारा करीमनगरकडचा, त्याची मावशी नांदेडला, मोडकं मराठी बोलायचा. नऊ वर्षं आहे तो तिथं. आम्ही हेग्राहून आलो तर विचारलं, "मॅडम, उधर क्या है देखने को?" मी फोनवर फोटो दाखवले. त्यानं नीट पाहिले, मागे-पुढे केले. मग म्हणाला, "बहुत काम किया लोग."

नऊ दिवसांत सौदी माणसांशी नीट बोलणं झालं ते पाच-सहा जणांशी. सगळे अगत्याचे. पण आम्ही राहिलो ते याच लोकांच्या हातचं खाऊन. तिकीट काढताना याचा हिशोब धरला नव्हता.

स्वाती_रियाध | १ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

मस्त लिहिलंयस गं. मी इतकी वर्षं इथं आहे आणि हेग्रा अजून बाकी आहे. आता नवऱ्याला हा प्रतिसाद पाठवते.

प्रश्नांकित | १ फेब्रुवारी, सकाळी ९:१२

वाचलं. माझं मत तेच आहे, पण लेखन आवडलं. त्या दंडाच्या लेखांबद्दल आणखी लिहा, दंड कुणाला भरायचा असे?

मीठभाकर | १ फेब्रुवारी, सकाळी ९:४०

देवाला आणि राजाला, दोघांनाही. मैत्रीण म्हणते, जीएसटीची कल्पना जुनीच आहे.

खाडीपल्याड | २ फेब्रुवारी, रात्री १०:५५

तुमचा प्रतिसाद अब्बांना वाचून दाखवला. हेग्राचे फोटो मोठे करून दाखवले. मला वाटलं, खूश होतील. त्यांचा चेहरा उतरला. "तिथं कशाला गेल्या त्या? ती समूदची वस्ती. अल्लाचा कोप झालेली." मग सगळी गोष्ट सांगितली. सालेह पैगंबरांची सांडणी त्या लोकांनी मारली, म्हणून नाश झाला. आमचे पैगंबर तिथून जाताना घाईनं गेले, सोबतच्यांना म्हणाले, जायचंच तर रडत जा. तिथल्या विहिरीच्या पाण्यात मळलेली कणीकसुद्धा उंटांना घालायला लावली. मी इतकी वर्षं समजत होतो, बिचाऱ्यांना बघायला मिळालं नाही. त्यांना बघायचंच नव्हतं. तुमच्या रावीची आजी का उतरली नाही तेही कळलं.

थोड्या वेळानं म्हणाले, "त्या पोराला पगार वेळेवर मिळतो का, विचारलं का तिनं?"

मीठभाकर | २ फेब्रुवारी, रात्री ११:२०

विचारलं नाही. सुचलंच नाही.

टग्या_वाळवंटी | २ फेब्रुवारी, रात्री ११:३१

(यावर विनोद सुचत नाही, सबब लेखनसीमा.)

प्रवासी_पक्षी | ९ फेब्रुवारी, दुपारी २:०५

छान धागा. वरचं सगळं वाचलं नाही. पुढच्या आठवड्यात भावाकडं जेद्दाला चाललेय, आई अनारसे देतेय सोबत. चालतील ना?

सुगरण_नवशिकी | ९ फेब्रुवारी, दुपारी २:०६

नाहीऽऽऽ!